हवेचा शिकंजा

खान्देशात 'प्रेस' म्हटलं की आधी कापूस आठवतो. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, त्यांची नजर इकडे वळली आणि पुढच्या काही दशकांत जळगाव-धुळ्याकडे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. फुगलेला कापूस बोटीत फार जागा खातो, म्हणून तो दाबून ३९२ पौंडांची गाठ बांधायची. असो, कापसावर पुन्हा कधीतरी. आजचा प्रेस सुताराचा आहे. व्हिनिअर आणि लॅमिनेट चिकटवायचा व्हॅक्यूम प्रेस. पण त्याची गोष्ट सांगायची तर आधी हे सांगावं लागतं की लाकूड इतकं पातळ झालंच कसं.

तुमच्या आजोळी सागवानी पलंग असेल तर तो हलवताना चार माणसं लागत असणार. आज फ्लॅटमधल्या 'सागवानी' वॉर्डरोबवर सागाचा थर असतो साधारण अर्धा मिलिमीटर! खाली प्लायवुड नाहीतर एमडीएफ. जाड सागवान परवडेनासं झालं, ह्याची सुरुवात आपल्या शेजारीच झाली. डांग आज गुजरातेत आहे, पण तेव्हा तिथला राजकीय कारभार खान्देशच्या कलेक्टरकडे असायचा. तिथल्या भिल्ल राजांकडून इंग्रजांनी १८४२ मध्ये जंगलं भाडेपट्ट्याने घेतली, कारण मुंबईच्या गोदीला जहाजांसाठी साग हवा होता. मग आला १८७८ चा वन कायदा. राखीव जंगलातले लोकांचे जुने हक्क गेले, उरल्या त्या सरकारने द्यायच्या सवलती. ज्या भिल्ल-पावरा माणसाच्या दारात साग उभा, त्याने तो तोडला की गुन्हा. सरकारी शिक्का मारून तोच ओंडका वखारीत गेला की माल. २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा केला, त्याच्या प्रस्तावनेतच ह्या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचं मान्य केलंय. म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षांनी.

ब्रह्मदेशाचा साग आला तरी भागेना, आणि तोही काही साधासुधा व्यापार नव्हता. १८६३ साली मुंबईत निघालेल्या बॉम्बे बर्मा कंपनीला तिथल्या राजाने सागाच्या ओंडक्यांवरून दंड केला, तो वाद १८८५ च्या तिसऱ्या इंग्रज-बर्मी युद्धाचं एक निमित्त झाला. सागासाठी राज्य गेलं, बोला!

आता पातळपणाचं गणित बघू. करवतीने फळ्या पाडल्या की बरंच लाकूड भुशात जातं. व्हिनिअर मात्र ओंडका मऊ करून सुरीने कापतात, भुसा जवळजवळ नाहीच. एक घनफूट सागातून अर्ध्या मिलिमीटरचे सहाशे चौरस फूट निघतात. म्हणजे एका झाडात अख्ख्या सोसायटीचे दरवाजे.

पण अर्धा मिलिमीटरचा कागद चिकटवायचा कसा? पूर्वी सरस होता, जनावरांच्या कातड्या-हाडांचा, गरम करून लावायचा. १९५९ मध्ये फेव्हिकॉल आला आणि सरसाचं भांडं हळूहळू सुटलं. मात्र पांढरा गोंद सुकेपर्यंत पत्रा सगळीकडे सारखा दाबून ठेवावा लागतो, नाहीतर मध्ये फुगा येतो. शिकंजे फक्त कडेला पोचतात. मग सुतार काय करतो? विटा, वाळूच्या गोण्या, सिमेंटची पोती. आठ बाय चारच्या शीटवर ५० किलोची वीस पोती ठेवलीत तर झाले एक हजार किलो. ऐकायला भारी वाटतं, पण दर चौरस सेंटीमीटरला भागून बघा, जेमतेम ३४ ग्रॅम!

आता तीच शीट प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड बंद करा आणि पंपाने आतली हवा काढा. आपल्या डोक्यावरच्या हवेचा दाब चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो असतो. ८० टक्के हवा काढली तरी त्या शीटवर २४ टन भार येतो. ४८० पोती! आणि तोही काना-कोपऱ्यात अगदी सारखा. हवेत एवढी ताकद आहे हे ऑटो फॉन गेरिकेने १६५० च्या दशकातच दाखवलं होतं. त्याचे दोन अर्धगोल आतली हवा काढल्यावर घोड्यांनाही ओढून वेगळे करता आले नाहीत. सुताराच्या कामाला ते यायला मात्र विसावं शतक उजाडलं.

त्यातही आधी आली फुगवायची पिशवी. अमेरिकेतल्या लॉकहीड बंधूंनी १९१९ च्या सुमारास काँक्रीटच्या साच्यात प्लायवुडचे थर ठेवून रबरी पिशवी फुगवली आणि विमानाचा सांगाडा दाबून काढला. चार्ल्स आणि रे ईम्स ह्या जोडप्याने १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला घरातच असं एक यंत्र केलं. दाब कशाने? सायकलच्या पंपाने! त्यातूनच अमेरिकन नौदलासाठी पायाला बांधायच्या प्लायवुडच्या खपच्या झाल्या. हेच ईम्स पुढे भारतात आले, १९५८ मध्ये त्यांनी सरकारला अहवाल दिला आणि १९६१ मध्ये अहमदाबादची एनआयडी उभी राहिली. अहवालात त्यांनी कौतुक केलं ते आपल्या लोट्याचं.

व्हॅक्यूम प्रेसला मर्यादाही आहे. हवा एक किलोच्या वर दाबूच शकत नाही. कारखान्यात प्लायवुड बनवताना साधारण दहा किलोचा हायड्रॉलिक दाब आणि उष्णता लागते, ते ह्या पिशवीचं काम नव्हे. पण वळणदार पाठ, गोलाई असलेलं दार, छोट्या वर्कशॉपमधले दहा-बारा पॅनेल, इथे तिला तोड नाही. हायड्रॉलिक प्रेसचं धूड घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

आणि पातळ लाकडाची गरज आता वाढतच जाणार. १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोडीवर आणि विनापरवाना सॉ मिल, प्लायवुड, व्हिनिअर कारखान्यांवर चाप लावला. मग यमुनानगरचा पॉप्लर आणि कांडल्याला उतरणारे परदेशी ओंडके ह्यावर धंदा सरकला. २०१४ मध्ये म्यानमारने ओंडक्यांची निर्यातही बंद केली.

आपल्याकडे हा प्रेस वापरायचा तर दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक, मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन. पांढरा गोंद पसरता पसरताच साय धरतो, म्हणून काम पहाटे उरकायचं आणि पिशवी आधीच उघडी तयार ठेवायची. दुसरी म्हणजे वीज. पंप आणि पिशवीच्या मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि एक रिकामी टाकी बसवली, तर लाइट गेल्यावरही दाब काही काळ टिकतो. पिशवीला बारीकसं भोक असेल तर मात्र दहा मिनिटांत सगळं सैल. ते शोधायचं कसं? सायकलवाल्यासारखं पाण्यात बुडवून नाही जमत, कान लावून सुं आवाज ऐकायचा.