किल्ल्यातला वाफा, कोंभाळण्याचं गाडगं

हेडफोन लावा, चहा घ्या, आणि गॅलरीत एखादी सुकलेली तुळस असेल तर आधी तिला पाणी घालून या. मी थांबतो.

झालं? चला.

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या फजितीपासून. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मी पुण्याची खोली सोडून लॅपटॉपसकट घरी आलो. घर म्हणजे नगर. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडातून अजून नगरच निघतं, सवय जायला वेळ लागेल. घरामागे दहा बाय पंधरा फुटांची मोकळी जागा होती. दिवसभर मीटिंगा, संध्याकाळी काय करायचं? चार व्हिडिओ बघितले आणि ठरवलं, परसबाग करू. बी.टेक. झालेल्या माणसाला मेथी उगवता येणार नाही का?

पहिली कुदळ मारली आणि खण्ण! वीट. दुसरी मारली, शहाबादी फरशीचा तुकडा. मग मुरूम, सिमेंटचे गोळे, एक गंजलेली सळई. प्लॉट भरताना कुणीतरी सगळं डबर आमच्याच नशिबात ओतलं होतं आणि वर चार बोटं माती पसरून दिली होती. दोन दिवसांत हाताला फोड आले. वडील खिडकीतून बघून म्हणाले, “किल्ल्यात नेहरूंनी हेच केलं होतं, फरक एवढाच की ते कैदी होते.”

मला वाटलं टोमणा आहे. पण खरंच तसं घडलं होतं.

9 ऑगस्ट 1942. ‘छोडो भारत’चा ठराव होऊन काही तासच झाले होते. पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीचे नेते उचलले गेले आणि त्यांना आमच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवलं. नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, आपले शंकरराव देव, आणि आणखी काही जण. नेहरू तिथे मार्च 1945 च्या शेवटापर्यंत होते, म्हणजे अडीच वर्षांहून जास्त. तिथेच 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. हे शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलंय. सहलीला गेलात तर ती खोलीही दाखवतात.

पण त्या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण उघडा. प्रकरणाचं नाव अहमदनगरचा किल्ला, आणि त्यात पंडितजी चक्क मातीची तक्रार करतायत! रोज कित्येक तास, ऊन तापलेलं असतानाही, ते वाफे खणत. फुलांचे वाफे, भाजीचे नव्हे, हे मान्य. आणि माती कशी? वाईट, दगडगोट्यांनी भरलेली, जुन्या बांधकामांचा राडारोडा मिसळलेली. अगदी आमच्या प्लॉटसारखी. फक्त माझ्या कुदळीला फरशी लागत होती आणि त्यांच्या कुदळीला जुन्या भिंती आणि जमिनीखाली गेलेल्या घुमटांचे माथे. एकदा तर भिंतीवर दगडात कोरलेलं सुंदर कमळ निघालं. अजून खोल खणायची परवानगी मात्र नव्हती. कैदी माणूस किल्ल्यात खोल खड्डा खणतोय, हे कुठल्या जेलरला आवडेल?

ती माती तशी असणारच होती. अहमद निजामशहाने हे शहर वसवलं. चांदबीबीने 1595-96 मध्ये मोगलांशी झुंज दिली ती याच किल्ल्यातून, 1600 मध्ये तो अकबराच्या फौजेकडे गेला, आणि 1803 च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने तो घेतला. एवढ्या तोफा खाल्लेली जागा. तिथे झेंडू लावायला गेलात तर इतिहासच हाती लागणार.

त्याच पानांत नेहरूंना डेहराडूनच्या तुरुंगातली आठवण येते. तिथे त्यांच्या छोट्या अंगणात खणताना जमिनीतून जुने खांब निघाले होते. चौकशी केली तर कळलं, ते तिथल्या जुन्या फाशीच्या तख्ताचे होते. सगळ्या कैद्यांनी मिळून ते उपटून काढले आणि त्यांना प्रचंड आनंद झाला. बागकामातला याहून मोठा आनंद मी तरी वाचलेला नाही.

शेवटी नेहरूंनी कुदळ ठेवली आणि लेखणी उचलली, असं तेच सांगतात.

आता मला खटकलेली गोष्ट सांगतो. त्याच प्रकरणात थोडं पुढे दुष्काळ येतो. 1943 सालचा. बंगाल मुख्य, पण मलबार आणि आपल्या शेजारचं विजापूर यांचीही नावं तिथे आहेत. बाहेर लाखो माणसं अन्नावाचून मरत होती आणि देशातली मोठमोठी डोकी नगरच्या किल्ल्यात फुलांचे वाफे करत होती. त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी शेत दिलं नव्हतं. तरी वाचताना पोटात कालवतं. ज्यांना काही करायचं होतं त्यांच्या हातात दहा फूट मुरूम, आणि ज्यांच्या हातात सगळी जमीन त्यांना काही करायचं नव्हतं.

बागांचा नगरशी तसा जुना संबंध आहे. निजामशाहीत इथे मोठमोठे बाग झाले. फराहबागेचा महाल 1583 मध्ये पुरा झाला, तळ्याच्या मधोमध. लांबून खापरी नळाने पाणी आणायचं तंत्र या शहराला चांगलं येत होतं. पण राजाच्या बागेला नळ असतो, परसबागेला मोरी. धुण्याभांड्याचं पाणी जिकडे वाहतं तिकडे अळू, केळ, एखादा शेवगा, कुडावर घेवडा. घरच्या बाईने चालता चालता केलेली ही शेती. तिची नोंद कुठल्या बखरीत नाही, सातबाऱ्यावर तर नाहीच. म्हणून तिचा इतिहास सांगायला बसलं की पुरावा म्हणून कागद सापडत नाही, बी सापडतं. सापडलं तर.

पुन्हा माझ्या बागेकडे येऊ, कारण तिथे भानगडी चालू होत्या.

डबर काढलं, दोन ट्रॉली माती आणि शेणखत टाकलं. मेथी आली, मस्त आली, मी फोटो टाकला. मग टोमॅटोची पानं मुरडायला लागली. पांढरी माशी व्हायरस घेऊन येते आणि झाड बोकडतं. उपाय नाही, उपटून टाका. दुधीला भरपूर फुलं यायची, बोटाएवढी फळं धरायची आणि पिवळी पडून गळायची. पंधरा दिवसांनी कळलं की दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. मी सकाळी ऑफिसच्या आधी ब्रश घेऊन परागीकरण करत होतो! रात्रपाळीच्या फुलाला मी दिवसपाळी लावली होती. मग सात वाजता टॉर्च घेऊन नरफूल तोडायचं, मादीफुलाला हलकेच टेकवायचं. पहिला दुधी धरला तेव्हा घरात पेढे वाटायचे राहिले होते.

पण खरा घोळ घेवड्याचा. शेजारच्या काकूंनी मूठभर गावठी बी दिलं होतं. जूनमध्ये लावलं. वेल मांडवावर गेला, मांडवावरून गच्चीवर, तिथून डिशच्या तारेवर. पानंच पानं, फूल एक नाही. जुलै गेला, ऑगस्ट गेला. सप्टेंबरमध्ये मी वैतागलो आणि वेल बुडातून कापला.

त्या रात्री आजीला फोनवर सांगितलं. माझं आजोळ अकोल्याच्या बाजूला. अकोलं, आपल्याच जिल्ह्यातलं, भंडारदऱ्याच्या वाटेवरचं, विदर्भातलं अकोला नव्हे. आजी दोन सेकंद गप्प बसली. मग म्हणाली, “आरं, गावठी घेवडा दिवाळीच्या तोंडाला फुलतो. दिस लहान व्हायला लागतात ना.”

वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात हेच लिहिलंय. गावठी वाल-घेवडा दिवसाच्या लांबीवर चालतो, रात्र मोठी झाल्याशिवाय कळी धरत नाही. तीन आठवडे थांबलो असतो तर शेंगा खाल्ल्या असत्या.

मग ती म्हणाली, “आपला घेवडा होता की गाडग्यात. त्याचं काय केलं?”

आता मी गप्प.

2016 मध्ये आम्ही घराचं काम काढलं होतं. आजीने आईला दिलेली एक छोटी उतरंड माळ्यावर होती, सगळ्यात वरचं गाडगं राख आणि कडुनिंबाच्या पाल्याने भरलेलं. मी सेकंड इयरला होतो, माळा रिकामा करायचं काम माझ्याकडे. उघडून बघितलं, राख दिसली, टाकून दिलं. त्या राखेत आजीच्या आईकडून आलेल्या घेवड्याचं बी होतं, पांढऱ्यावर काळी कड असलेलं. आई दर दोन वर्षांनी चार आळी लावून ते नवं करून ठेवायची. कामाच्या गडबडीत तिलाही वर्षभर कळलं नाही. गावाकडची माणसं तोवर पाकिटातलं बी लावायला लागली होती, त्यामुळे तिकडेही ते उरलं नव्हतं.

मी दिवसभर लोकांच्या डेटाचा बॅकअप नीट आहे ना हे बघण्याचा पगार घेतो. तुम्हाला कळलं असेल मला त्या रात्री काय वाटलं.

आजीच्या गावापासून फार लांब नाही, त्याच अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचं गाव आहे. राहीबाई सोमा पोपेरे तिथल्या. 1964 चा जन्म, महादेव कोळी समाज, शाळेत कधी गेल्या नाहीत. मी गाडगी फेकत होतो त्या काळात त्या गाडगी भरत होत्या. त्या सांगतात की नातू सारखा आजारी पडायचा, आणि त्यांच्या मनाने घेतलं की हे फवारलेल्या भाजीमुळे होतंय. मग त्यांनी जुनं बी शोधायला सुरुवात केली. कुणाच्या कुडावर वेगळा घेवडा दिसला की चार शेंगा मागून घ्यायच्या. परसात लावायच्या, निवडायच्या, राखेत ठेवायच्या. पुढे मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळीकांचनला सुरू केलेल्या ‘बाएफ’ संस्थेची साथ मिळाली, घरातच बियाणे बँक उभी राहिली, आणि भात, वाल, नाचणी-वरईसारखी भरडधान्यं, कडधान्यं, तेलबिया अशी कितीतरी पिकांची गावठी वाणं तिथे जमली. डॉ. रघुनाथ माशेलकरांनी त्यांना ‘बीजमाता’ म्हटलं. 2018 मध्ये बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत नाव आलं. जानेवारी 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. दोन महिन्यांनी लॉकडाऊन लागला, त्यामुळे प्रत्यक्ष हातात पडायला नोव्हेंबर 2021 उजाडला.

बातम्यांमध्ये हे सगळं ‘अशिक्षित आदिवासी महिलेची कमाल’ अशा सुरात आलं. मला तो सूर आवडत नाही. निवड, नोंद लक्षात ठेवणं, वाण मिसळू न देणं, दरवर्षी ताजं करणं, हे काम आहे, आणि ते डोक्याने होतं. चमत्कार म्हटलं की कामाची मजुरी द्यावी लागत नाही.

बी जपणं एवढं महत्त्वाचं का? पाकिटावर ‘एफ-1’ लिहिलेलं बघितलंय का कधी? दोन शुद्ध वाणांचा संकर, त्याची पहिली पिढी. झाडं एकसारखी, जोमदार. पण त्याच टोमॅटोचं बी ठेवून पुढच्या वर्षी लावा, एक झाड उंच, एक खुजं, एकाला फळ गोल, एकाला लांबट. गुण सुटे होऊन फुटतात. ग्रेगोर मेंडेलला हे ब्रनोच्या मठातल्या बागेत वाटाण्याचे वेल मोजून कळलं, 1866 मध्ये त्याने ते छापलं, आणि नंतर पस्तीसेक वर्षं कुणी ढुंकून बघितलं नाही. तर एफ-1 म्हणजे सबस्क्रिप्शन. दरवर्षी रिन्यू करा. मी संकरित बियांच्या विरोधात नाही, बाजारासाठी पिकवणाऱ्याला एकसारखा माल लागतो आणि पोटही असतं. पण घेवडा, वांगं, टोमॅटो ही बरीचशी आपल्याच फुलात फळणारी पिकं, त्यांचं गावठी बी घरी टिकवणं सोपं. काकडी-भोपळ्याचं तसं नाही, मधमाशी कुठला पराग कुठे टाकेल सांगता येत नाही, तिथे फुलं बांधावी लागतात.

आपल्याकडे 2001 चा पीक वाण आणि शेतकरी हक्कांचा कायदा आहे. त्यात शेतकऱ्याला बी ठेवायचा, पेरायचा, वाटायचा, बदलायचा, विकायचाही हक्क आहे, फक्त नोंदणी झालेल्या वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. हक्क चांगला आहे. पण बीच फेकून दिलं तर कायदा काय करणार?

गेल्या वर्षी आजोळी गेलो तेव्हा आजीच्या ओळखीच्या एका मावशींकडे घेवडा मिळाला. त्यांनी अकरा दाणे मोजून दिले आणि म्हणाल्या, पुढच्या वर्षी बावीस आणून द्यायचे. मी ते आजीसमोर तळहातावर धरले. तिने एक उचलला, उजेडाकडे नेला, नखाने कड बघितली.

“ह्यो आपला नाय,” म्हणाली. “आपल्याची कड रुंद होती. पण लाव.”

अकरापैकी आठ उगवले. एक गोगलगायीने खाल्ला, एकाला मावा लागला. सहा वेल मांडवावर गेले, आणि या वेळी मी ऑक्टोबरपर्यंत कात्री कपाटात ठेवली. शेंगा आल्या, जांभळ्या कडेच्या. आईने पहिली भाजी केली, मसाला जरा जास्तच झाला होता. दोन वेलांच्या शेंगा तशाच वाळू दिल्या. बावीस दाणे वेगळे काढलेत, बाकीचे राखेत आहेत. गाडगं नवीन आणलंय, कुंभाराकडून, चाळीस रुपयांचं. आईने त्यावर खडूने मोठ्या अक्षरात लिहिलंय: टाकू नये.

चला, पुढच्या भागात भेटू. तुमच्या घरी कुठल्या डब्यात जुनं बी पडलं असेल तर व्हॉइस मेसेज पाठवा, आणि तोवर माळा आवरू नका.