गरज १९४२ ची, उड्डाण १९४७ चे

१/ १९४२ साल. अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्या दोस्त राष्ट्रांची मालवाहू जहाजे एकामागून एक बुडवीत होत्या. अमेरिकेतून युरोपकडे सैन्य आणि रसद न्यावी कशी? ‘लिबर्टी’ जहाजे विक्रमी वेगाने बांधणारे उद्योगपती हेन्री कैसर यांनी उपाय सुचवला: समुद्रावरून उडत जाणारी प्रचंड मालवाहू विमाने.

२/ त्यांच्या जोडीला आले वैमानिक आणि चित्रपटनिर्माते हॉवर्ड ह्यूज. सरकारने त्याच वर्षी तीन विमानांचे कंत्राट दिले. मात्र युद्धासाठी मोलाचे असलेले धातू वाचवायचे होते. त्यामुळे सांगाडा लाकडाचा ठरला. बर्च लाकडाचे पातळ थर चिकटवून, साच्यात दाबून भाग घडवले गेले. वृत्तपत्रांनी मात्र त्याला ‘स्प्रूस गूज’ म्हणून हिणवले. ह्यूज यांना हे नाव मुळीच आवडत नसे.

३/ एच-४ हर्क्युलिसच्या पंखांचा विस्तार ९७.५ मीटर होता. प्रत्येकी ३,००० अश्वशक्तीची आठ इंजिने आणि ७५० सैनिक नेण्याची योजना! पंखांच्या विस्ताराचा हा विक्रम २०१९ पर्यंत अबाधित राहिला.

४/ पण काम रेंगाळले. लाकडाचे तंत्र नवे होते आणि ह्यूज यांना प्रत्येक बारकावा निर्दोष हवा होता. १९४४ मध्ये कैसर बाहेर पडले. तीन विमानांचे एक झाले. दरम्यान, १९४३ च्या मध्यापर्यंत रडार, गस्ती विमाने आणि संरक्षक नौकांनी पाणबुड्यांना मागे रेटले होते. ज्या संकटासाठी विमान हवे होते, ते विमानाआधीच ओसरले.

५/ ऑगस्ट १९४७ मध्ये सिनेटच्या समितीने सरकारी पैशांचा जाब विचारला. विमान उडाले नाही तर आपण देश सोडू, असे ह्यूज यांनी सांगितले. २ नोव्हेंबर १९४७ रोजी कॅलिफोर्नियातील लाँग बीच बंदरात ते पाण्यावरून उचलले गेले. उंची सुमारे २१ मीटर, अंतर सुमारे दीड किलोमीटर. त्यानंतर ते पुन्हा कधीच उडाले नाही.

६/ १९७६ मध्ये ह्यूज यांचे निधन होईपर्यंत ते हँगरमध्ये जतन केले गेले. आज ते ओरेगॉनमधील मॅकमिनव्हिल येथील संग्रहालयात आहे. ‘हे उडणारच नाही’ म्हणणारे खोटे ठरले. परंतु युद्धकाळात यंत्र चालते का, याइतकाच ते वेळेवर पोहोचते का, हा प्रश्नही निर्णायक असतो. आणि त्याचे उत्तर हर्क्युलिसकडे नव्हते.