डिसेंबरातला दक्षिणेचा रस्ता

टेक्सासमधल्या लारेडो शहरात रिओ ग्रांदे नदीवरचे पूल डिसेंबरच्या मध्यावर रात्रंदिवस गजबजलेले असतात. नदीच्या पलीकडे नुएवो लारेडो, म्हणजे मेक्सिको. रांगेतल्या पिकअप गाड्यांवर टेक्सासच्या, इलिनॉयच्या, जॉर्जियाच्या नंबरप्लेट. मागच्या हौद्यात ताडपत्रीखाली दोरीने आवळलेल्या गाद्या, मुलांच्या सायकली, एखादं कपडे धुण्याचं मशीन. पुढे नवरा-बायको, मागे सामानात अंग चोरून बसलेली मुलं. या मंडळींना मेक्सिकोत ‘पैसानो’ म्हणतात, आपल्या मुलखातला माणूस. अमेरिकेत छपरं घालून, मांस कापून, फळं तोडून वर्ष काढलेली ही कुटुंबं नाताळाला गुआनाहुआतो, मिचोआकान, सान लुईस पोतोसी, साकातेकासमधल्या आपल्या गावी निघालेली असतात.

ज्या रस्त्याने ही वर्दळ प्रथम सुरू झाली, तो या लोकांसाठी बांधलेलाच नव्हता. तो बांधला तेव्हा डोळ्यांसमोर होता तो मोटार बाळगणारा, खिशात डॉलर असलेला अमेरिकन पाहुणा. पाऊण शतकात रस्त्याचा धनी बदलला. हा बदल समजून घ्यायचा तर आधी ही माणसं कोणत्या सणासाठी धावतात ते पाहायला हवं.

मेक्सिकोतला नाताळ १६ डिसेंबरलाच सुरू होतो. त्या रात्रीपासून २४ तारखेपर्यंत नऊ रात्री ‘पोसादा’ चालतात. पोसादा म्हणजे धर्मशाळा, उतरायची जागा. येशूचे आईबाप मारिया आणि होसे यांच्या मूर्ती घेऊन आळीतली माणसं हातात मेणबत्त्या धरून निघतात, दारापुढे उभी राहून गाण्यातून रात्रीपुरता आसरा मागतात. आतली माणसं गाण्यातूनच नकार देतात. एका दारी नकार, दुसऱ्या दारी नकार, आणि शेवटी एक दार उघडतं. मग आत प्रार्थना, वाफाळलेलं ‘पोंचे’, तामाले, आणि अंगणात टांगलेली, खाऊ भरलेली सात टोकांची पिन्याता. सात टोकं म्हणजे सात पापं. डोळ्यांवर पट्टी बांधून ती काठीने फोडायची. फुटली की भुईमूग, संत्री, उसाची कांडकी यांचा सडा पडतो आणि पोरं जमिनीवर झेपावतात.

या प्रथेचं जन्मस्थान मेक्सिको शहराच्या ईशान्येला, तेओतिवाकानच्या पिरॅमिडांजवळच्या अकोल्मान गावात दाखवतात. तिथल्या ऑगस्टीनियन मठाचे प्रमुख दिएगो दे सोरिया यांनी १५८७ च्या सुमाराला पोप सिक्स्टस पाचवे यांच्याकडून नाताळापूर्वीच्या नऊ दिवसांत खास प्रार्थना भरवण्याची परवानगी मिळवली. अझ्टेक लोक याच दिवसांत, हिवाळ्यातल्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या आसपास, आपल्या युद्धदेवाचा, वित्सिलोपोच्त्लीचा उत्सव करत. धर्मगुरूंनी तिथी ठेवली आणि देव बदलला. प्रार्थना चर्चच्या आवारात, उघड्यावर होत, कारण नव्याने बाटलेल्या लोकांना उघड्यावरच्या पूजेची सवय होती. पुढे हा सोहळा मठाच्या आवारातून वाड्या-वस्त्यांत शिरला आणि लोकांनी तो आपलासा केला. अकोल्मानमध्ये आजही डिसेंबरात पिन्यातांची जत्रा भरते.

अकोल्मानच्या दक्षिणेला, तेश्कोकोच्या बाजूला चापिंगोचं कृषी विद्यालय आहे. गदर चळवळीतले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे परागंदा होऊन १९२० च्या दशकात तिथे पोचले, शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर काम करू लागले आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा त्यांनी चालवल्या. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिलं. रस्ते नसलेला मेक्सिको आणि रस्ते झालेला मेक्सिको, दोन्ही पाहिलेला हा मराठी माणूस. त्याची आठवण इथे निघायलाच हवी.

रस्ते नव्हते तेव्हा मेक्सिको खेचरांच्या पाठीवर चालत होता. मेक्सिको शहरातून उत्तरेला सांता फेपर्यंत जाणारा ‘कामिनो रेआल’ हा चांदीचा मार्ग सुमारे २,५६० किलोमीटरचा. त्यावरून साकातेकासच्या खाणींची चांदी दक्षिणेला उतरे आणि पारा, मीठ, कापड उत्तरेला चढे. खेचरांचे तांडे हाकणाऱ्यांना ‘आरियेरो’ म्हणत. त्यांच्यासाठी वाटेवर ‘मेसोन’ असत: मधे चौक, भोवती खोल्या, मागे जनावरांचा गोठा. मेक्सिको शहराच्या नगरसभेने असा पहिला मेसोन उघडायला परवानगी दिली ती १५२५ मध्ये, म्हणजे अझ्टेक राजधानी पडल्यानंतर अवघ्या चार वर्षांनी. जुन्या शहरात मेसोनेस नावाचा रस्ता अजून आहे. रात्री दार ठोठावून जागा मागणं हा ज्या देशात रोजचा व्यवहार होता, तिथे नऊ रात्री जागा मागण्याचा सण इतका खोल रुजला, यात नवल वाटू नये.

मोटाररस्त्याची गोष्ट मेक्सिकन क्रांतीनंतरची. दहा वर्षांच्या यादवीने आगगाडीचे रूळ उखडले होते, पूल उडाले होते, प्रांत एकमेकांपासून तुटले होते. राष्ट्राध्यक्ष प्लुतार्को एलियास काय्येस यांनी १९२५ मध्ये राष्ट्रीय रस्ते आयोग स्थापला आणि पेट्रोलवर कर बसवून त्याची तिजोरी भरली. त्याआधी १९२३ मध्ये सान्तियागोत भरलेल्या अमेरिकी राष्ट्रांच्या परिषदेत उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत एकच महामार्ग नेण्याची कल्पना पुढे आली होती. इतर काही देशांनी आपापल्या तुकड्यासाठी अमेरिकेचे पैसे घेतले. मेक्सिकोने आपला तुकडा स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या इंजिनियरांकडून बांधून घेतला. क्रांतीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या, कर्जबाजारी देशाची ही जिद्द लहान नव्हती.

या तुकड्यातला नुएवो लारेडो ते मेक्सिको शहर हा सुमारे १,२३० किलोमीटरचा रस्ता जुलै १९३६ मध्ये, लासारो कार्देनास राष्ट्राध्यक्ष असताना रीतसर खुला झाला. मोंतेरेईपर्यंत कोरडं माळरान, मोंतेमोरेलोसच्या आसपास संत्र्यांच्या बागा, सिउदाद बिक्तोरियाच्या पुढे कर्कवृत्त ओलांडलं की मान्तेचे उसाचे मळे. तामासुन्चाले गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर, दमट आणि हिरवंगार. तिथून रस्ता सिएर्रा माद्रेच्या अंगावर चढायला लागतो आणि धुक्यातली वळणं घेत घेत दोन हजार मीटरच्याही वर जातो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. मोटारवाल्यांच्या तोंडी ज्या प्रवासाची वर्णनं राहिली, ती मुख्यतः याच टप्प्याची.

अमेरिकन पाहुणे आले. मोंतेरेई, वाय्येस, तामासुन्चाले इथे त्यांच्यासाठी गाडी खोलीच्या दाराशी लावता येईल अशी हॉटेलं उभी राहिली. मार्च १९३८ मध्ये कार्देनास यांनी परदेशी तेल कंपन्या ताब्यात घेतल्या आणि पंपांवर सरकारी तेल कंपनी पेमेक्सची पाटी लागली, तरी पाहुण्यांचा ओघ टिकला. उलट युरोपात युद्ध पेटल्यावर सुट्टीला कुठे जायचं या प्रश्नाला मेक्सिको हेच सोपं उत्तर झालं. १९५२ मध्ये मेक्सिको शहर ते कुएर्नावाका असा टोल घेणारा पहिला द्रुतगती मार्ग झाला आणि तेव्हापासून प्रवासापूर्वीच्या घरगुती चर्चेत एक प्रश्न कायमचा आला: ‘कुओता’ने जायचं की ‘लिब्रे’ने? कुओता म्हणजे टोलचा वेगवान रस्ता. लिब्रे म्हणजे फुकटचा, गावागावातून जाणारा, ज्यावर दर वस्तीच्या तोंडाशी ‘तोपे’ नावाचे उंच गतिरोधक असतात आणि गाडी मंदावली की भाजलेले भुईमूग, संत्री विकणारी मुलं खिडकीशी येतात. १९६० मध्ये पर्यटन खात्याने ‘आन्हेलेस वेर्देस’, हिरवे देवदूत, हे फिरतं पथक सुरू केलं. हिरव्या गाडीतला मेकॅनिक रस्त्यात अडकलेल्याची गाडी दुरुस्त करतो आणि मजुरीचा पैसा घेत नाही. हेही मुळात पाहुण्यांसाठीच होतं.

याच काळात उलट दिशेने दुसरा प्रवाह सुरू झाला होता. ऑगस्ट १९४२ मध्ये दोन्ही सरकारांनी ‘ब्रासेरो’ करार केला. युद्धामुळे अमेरिकेच्या शेतांवर हात कमी पडत होते. मेक्सिकोने मजूर पुरवायचे. १९६४ अखेरपर्यंत या योजनेखाली सुमारे ४५ लाख कंत्राटं झाली. कंत्राट हंगामी, त्यामुळे पिकं निघाली की माणूस परत. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतले १० टक्के बचतीच्या नावाखाली कापून घेत, ते पैसे गावी परतल्यावर मिळायचे होते. असंख्य मजुरांच्या हातात ते कधीच पडले नाहीत, आणि म्हातारपणी त्यांना त्यासाठी मोर्चे काढावे लागले. या अन्यायाची भरपाई पुढे झाली ती अर्धीमुर्धी आणि फार उशिरा.

ब्रासेरो योजना बंद झाली, जाणं थांबलं नाही. फक्त ते बिनकागदाचं झालं. मग १९८६ मध्ये अमेरिकेच्या नव्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला, त्यांत बहुसंख्य मेक्सिकन होते. इथे रस्त्याचा इतिहास खऱ्या अर्थाने वळला. कागद हातात आले म्हणजे परत येता येईल याची खात्री आली. आणि ती खात्री असली की डिसेंबरात बायको-मुलांना गाडीत घालून गावी जाता येतं. गाड्या वाढल्या तसे त्यांना वाटेत लुबाडणारे गणवेशातले हातही वाढले. सामान खाली उतरवायला लावायचं, कागदात खोट काढायची, डॉलर घ्यायचे. अमेरिकेतल्या स्थलांतरितांनी आवाज उठवल्यावर मेक्सिको सरकारने १९८९ मध्ये ‘प्रोग्रामा पैसानो’ सुरू केला. हक्कांची माहितीपुस्तिका, सीमेवर आणि महामार्गांवर तंबू टाकून बसलेले स्वयंसेवक, तक्रारीची सोय. लाचखोरी संपली असं कुणी म्हणणार नाही, पण परत येणारा माणूस हा सन्मानाने घ्यायचा पाहुणा आहे, हे सरकारला प्रथमच लिहून मान्य करावं लागलं.

१९९० च्या दशकात अमेरिकेने सीमेवर पहारा आवळला. त्याचा परिणाम हेतूच्या उलट झाला, हे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांनी वर्षानुवर्षांच्या अभ्यासातून दाखवलं. पूर्वी बिनकागदाचा मजूर हंगाम संपला की घरी जाई. आता परतीची वाट इतकी महाग आणि जिवावरची झाली की तो जाईनासाच झाला. म्हणून एकाच घरातला कागद असलेला भाऊ डिसेंबरात आईला भेटतो आणि दुसरा वर्षानुवर्षं फोनवर तिचा आवाज ऐकतो. नाताळच्या या वाहतुकीचा कुठलाही हिशेब या न गेलेल्या माणसांना मोजल्याशिवाय पुरा होत नाही.

२०१० च्या आसपास वाटेवरच्या तामाउलिपास प्रांतात गुन्हेगारी टोळ्यांनी रस्तेच ताब्यात घेतल्यासारखं झालं. तेव्हा पैसानोंनी आरियेरोंचा जुना मार्ग पत्करला: तांड्याने जायचं. लारेडोत जमायचं, पहाटे निघायचं, पुढे-मागे पोलीस, आणि शेकडो गाड्यांची रांग केरेतारो प्रांतातल्या सिएर्रा गोर्दा डोंगरांतल्या हालपान गावी न्यायची. अठराव्या शतकात हुनिपेरो सेर्रा यांनी हालपानला मिशन बांधलं. त्या चर्चच्या गावात डिसेंबरात परदेशी नंबरप्लेटांची गर्दी होते.

गावांचं पंचांगच या गाड्यांनी बदललं आहे. लग्नं, बारशी, मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाचे सोहळे डिसेंबरात धरले जातात, कारण तेव्हाच सगळे हजर असतात. ६ जानेवारीला, तीन राजांच्या दिवशी, रोस्का नावाचा कड्याच्या आकाराचा गोड पाव कापून झाला की सामान पुन्हा बांधायला घेतात.

परतीच्या सामानात एक फळ हटकून असे: तेहोकोते. बोराएवढं, पिवळं-नारिंगी, आंबटसर. पेरू, ऊस, दालचिनी आणि आपल्या गुळासारखा पिलोन्सिलो घालून उकळलेल्या पोंचेला त्याच्याशिवाय चव येत नाही. किडीच्या भीतीने अमेरिकेत ते आणायला बंदी होती, आणि मेक्सिकोच्या सीमेवर जप्त होणाऱ्या फळांत एके काळी ते पहिल्या क्रमांकावर होतं. मग कॅलिफोर्नियात सॅन दिएगोच्या बाजूला त्याच्या बागा लागल्या, आणि २०१५ च्या सुमाराला मेक्सिकोतून रीतसर आयातीलाही मोकळीक मिळाली. आता ज्यांना गावी जाता येत नाही, तेही लॉस एंजेलिसच्या बाजारातून तेहोकोते आणून १६ तारखेला पोंचेचं भांडं चुलीवर चढवतात.