कुत्र्याची किंमत किती?

कुत्र्याचा विमा काढायचा का, असा विषय घरात काढला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : "आधी स्वतःचा काढ!" विनोद बाजूला ठेवू. गेले दोन-तीन वीकेंड मी याबद्दल वाचत होतो आणि लक्षात आलं की ही काही आजकालची थेरं नाहीत. या विम्याला सव्वाशेहून जास्त वर्षांचा इतिहास आहे, आणि तो कळला की आज कुठली पॉलिसी घ्यायची हे ठरवणं बरंच सोपं जातं.

सुरुवात स्वीडनमध्ये झाली. १८९० मध्ये क्लेस व्हिर्गिन नावाच्या गृहस्थाने तिथे घोडे आणि गुरांचा विमा सुरू केला. कारण उघड आहे. शेतकऱ्याचा घोडा मेला की त्याची शेती अडते, आणि घोड्याला बाजारात भाव असतो. तो भाव विमा कंपनीने द्यायचा, संपला हिशेब. कुत्र्याची पहिली पॉलिसी त्याच देशात १९२४ मध्ये निघाली.

हा प्रकार आपल्यालाही नवा नाही. ज्यांचं गाव अजून सुटलेलं नाही त्यांनी पाहिलं असेल : बँकेचं कर्ज काढून म्हैस घेतली की तिचा विमा होतो आणि कानात बिल्ला लागतो. म्हैस दगावली तर तो बिल्ला दाखवायचा. बिल्ला नाही तर क्लेम नाही! आपल्या सरकारी विमा कंपन्यांची कुत्र्यांसाठीची जुनी पॉलिसीही साधारण याच साच्यातली. कुत्रा अपघाताने किंवा आजाराने मेला तर त्याची ठरलेली किंमत मिळणार.

इथेच गोची आहे. आमची चिंगी अस्सल गावठी. तीन वर्षांपूर्वी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडली. तिची बाजारात किंमत किती? शून्य. आणि ती गेल्यावर मिळणाऱ्या चेकचं मी करणार तरी काय? माझी भीती वेगळी आहे. उद्या ती गाडीखाली आली, डॉक्टर म्हणाले की ऑपरेशन केलं तर वाचेल, आणि आकडा ऐकून आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो, तर?

हीच भीती परदेशात विम्याचं रूप बदलायला कारण ठरली. मोटारी आल्या, घोडे कमी झाले, तसे शहरातले जनावरांचे डॉक्टर कुत्र्या-मांजरांकडे वळले. एक्सरे, भूल, ऑपरेशन असं माणसांचं सगळं त्यांनाही मिळू लागलं. साहजिकच बिलंही माणसांसारखी झाली. ब्रिटनमध्ये १९७६ मध्ये 'पेटप्लॅन' सुरू झालं, ते उपचारांच्या खर्चासाठी. अमेरिकेत जॅक स्टीफन्स या पशुवैद्याने असाच विमा आणला. मालकाकडे पैसे नाहीत म्हणून बरा होण्यासारखा प्राणी इंजेक्शन देऊन मारायचा, हे काम त्यांना नको होतं. त्यांच्या कंपनीची पहिली पॉलिसी १९८२ मध्ये निघाली, तीही टीव्हीवरच्या 'लॅसी'साठी. म्हणजे पहिला मान परत भाव असलेल्या कुत्र्यालाच :-)

मग बिनभावाच्या कुत्र्यांचं काय? त्याचं एक उत्तर मुंबईने फार आधी दिलं होतं. १८३२ मध्ये इंग्रजांनी भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी लोकांनी चक्क दंगा केला, हरताळ पाळला. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने पांजरापोळ उभं राहिलं. पुढे १८८० च्या दशकात दिनशॉ पेटिट यांच्या देणगीतून परळचं बाई साकरबाई जनावरांचं हॉस्पिटल झालं. थोडक्यात, आपल्याकडे हा खर्च धर्मादायाने उचलला. पण सगळा भार धर्मादायावर टाकून पगारदार माणसाने मोकळं व्हावं, हे मला पटत नाही. ती जागा ज्यांना खरंच परवडत नाही त्यांची.

२०२० मध्ये बजाज अलायन्झने उपचारांचा खर्च देणारी पॉलिसी आणली, त्यात देशी आणि मिश्र जातीची कुत्रीही घेतली. म्हणजे चिंगीसाठी दार उघडलं. अटी असतातच : वयाची मर्यादा, सुरुवातीचा प्रतीक्षा काळ, आधीपासूनचे आजार वगळलेले. यावर लोक चिडतात, पण विचार करा. आजार कळल्यावरच सगळे विमा काढू लागले तर पैसे भरणार कोण? अनेकांनी थोडं थोडं भरायचं आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला मोठी रक्कम मिळायची, यावरच तर सगळा खेळ चालतो. म्हणूनच विमा कुत्रा धडधाकट असताना काढायचा.

तर माझा हिशेब असा. लस, जंताचं औषध, पोट बिघडणं हे खिशातून. त्याला विमा नको. ती गेल्यावर मिळणारे पैसेही नकोत, तो प्रीमियम वाया. ऑपरेशन आणि हॉस्पिटलचा खर्च, जो एका महिन्याच्या पगारातून निघणार नाही, त्याचा मात्र विमा हवा. पॉलिसी वाचताना मी आता एकच गोष्ट आधी बघतो : ही कुत्र्याची किंमत देते की त्याच्या उपचाराची?

असो. लसीकरणाचं कार्ड शोधून ठेवलंय. फॉर्मसाठी चिंगीचा फोटो हवाय, आणि ती कॅमेऱ्यासमोर एक मिनिट स्थिर बसेल तर शपथ.