एकोणिसाव्या क्रमांकाची शर्यत

परभणीहून निघून दक्षिणेकडे गंगाखेडास जाणारा रस्ता चाळीस किलोमीटरांच्या आसपास भरतो. दोहों बाजूंस काळी जमीन. पावसाळ्यांत ती पाय धरून ठेवते आणि वैशाखांत तिला भेगा पडतात. शेगांवहून पंढरपुरास जाणारी गजानन महाराजांची पालखी याच वाटेनें जाते. गंगाखेडास पोहोंचल्यावर वारकरी गोदावरीचें, म्हणजे तिकडच्या बोलींतल्या 'गंगे'चें, दर्शन घेतात. पण तेथवर जातांना पालखीलाहि मध्यें मुक्काम करावा लागतो. बैलगाडीला सारा दिवस पुरतो. हेंच अंतर, आणि त्यावर आणखी दोन-अडीच किलोमीटर, एका दमांत व तीन तासांच्या आंत धांवून जावयाचें, अशी कल्पना केली म्हणजे मॅराथॉन शर्यत कशाला म्हणतात याचा अंदाज घरबसल्या येऊं शकेल.

ता. १५ जानेवारी २०१७ रोजीं मुंबईच्या मॅराथॉनमध्यें परभणीच्या ज्योती गवते यांनीं हें अंतर २ तास ५० मिनिटें ५३ सेकंदांत पुरें केलें आणि भारतीय स्त्रियांत पहिला क्रमांक मिळविला. जुन्या शर्यतींचे आंकडे ज्यानें चाळले आहेत, त्याला हा आंकडा वाचून क्षणभर थबकावें लागतें. कारण ता. २२ ऑगस्ट १९२० रोजीं बेल्जममधील अँटवर्प येथें, ऑलिंपिक सामन्यांत, बेळगांवचे फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनीं मॅराथॉन पुरी केली होती, ती २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत. दोन धांवांमध्यें शहाण्णव वर्षांचें अंतर, आणि घड्याळांत आठ सेकंदांचें! अर्थात् हा योगायोग आहे. त्यांतून कांहीं सिद्ध होत नाहीं. परंतु चौगुल्यांच्या त्या शर्यतीकडे पुन्हां एकदां नीट पाहावें, एवढी बुद्धि त्यानें झाली तरी पुष्कळ.

चौगुल्यांचा क्रमांक एकोणिसावा होता. पदक मिळालें नाहीं म्हणून क्रीडेच्या इतिहासांत या शर्यतीची वासलात बहुधा एका ओळींत लावली जाते. हा न्याय बरोबर नाहीं. एकोणिसावा क्रमांक लहान कीं मोठा, हें ठरविण्यापूर्वीं तो धांवपटू कोठून आणि कशाच्या आधारावर निघाला होता, हें पाहिलें पाहिजे.

लांब पल्ल्याची धांव महाराष्ट्राला अगदींच अपरिचित होती असें नव्हे. पेशवाईंत जासूद व हरकारे पत्रांच्या थैल्या घेऊन धांवत. पुढें इंग्रजी अमदानींत टपालाचा हलकारा घुंगरें लावलेला भाला खांद्यावर टाकून रानवाटा तुडवीत असे. पण टपालाची धांव टप्प्याटप्प्याची असे. कांहीं मैलांवर दुसरा गडी उभा, थैली त्याच्या हातीं दिली कीं पहिल्याचें काम संपलें. वारकरी शेंकडों मैल जातो, पण तो चालत जातो आणि रात्रीं विसांवा घेतो. एकट्यानें, न थांबतां, घड्याळाशीं स्पर्धा करीत सव्वीस मैल धांवणें हा प्रकार सर्वस्वीं नवा होता. वस्तुतः युरोपांतहि तो फारसा जुना नव्हता. १८९६ सालीं अथेन्सला पहिली ऑलिंपिक मॅराथॉन झाली, तिचें अंतर सुमारें ४० किलोमीटर होतें. १९०८ सालीं लंडनमध्यें तें २६ मैल ३८५ यार्ड झालें आणि १९२१ सालीं तेंच कायम ठरलें. मध्यंतरीं जो तो आपापल्या सोयीनें अंतर मोजीत असे.

पुण्यास १९०६ सालीं निघालेल्या डेक्कन जिमखान्यानें देशी व्यायामाबरोबर मैदानी शर्यतीहि भरविण्यास आरंभ केला. सर दोराबजी टाटा या संस्थेचे अध्यक्ष होते. १९१९ सालच्या शर्यतींत त्यांना जें दिसलें, तें त्यांनीं पुढें १९२९ सालीं ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांस पत्रानें कळविलें. धांवणारीं मुलें बहुतेक शेतकऱ्यांचीं, अंगमेहनत करणारीं, साध्या भाकरीवर वाढलेलीं. शास्त्रशुद्ध शिक्षण त्यांना ठाऊक नव्हतें. पायांत जोडा नाहीं, रस्ता खडीचा नाहीं तर मातीचा, आणि तरी सुमारें पंचवीस मैलांच्या धांवेंत त्यांचा वेळ परदेशी आंकड्यांच्या जवळपास जात असे. मुंबईचे त्या वेळचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचेंहि लक्ष या धांवपटूंकडे वेधलें, आणि अँटवर्पला हिंदुस्थानचा संघ धाडण्याची गोष्ट निघाली. १९०० सालीं पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड यांनीं दोन रौप्यपदकें मिळविलीं होतीं खरीं, पण ते एकटे होते. संघ असा गेलाच नव्हता. १९२० च्या फेब्रुवारींत ऑलिंपिक समितीची मान्यता आली, एप्रिलांत पुण्यास निवडीच्या शर्यती झाल्या, आणि सहाजण ठरले. चौगुले, साताऱ्याचे सदाशिव दातार, हुबळीचे कैकाडी आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी हे चार धांवपटू. कोल्हापूरचे रणधीर शिंदे आणि मुंबईचे कुमार नवले हे दोन मल्ल. खर्चाचा मोठा वांटा टाटांनीं स्वतः उचलला.

उत्साह दांडगा होता. माहिती मात्र बेताची होती. या तयारीच्या दिवसांतील एक हकीकत नमूद आहे. शंभर मीटरच्या धांवेस किती वेळांत जावयास हवें, असा प्रश्न एका बैठकींत निघाला, तेव्हां जिमखान्याच्या एका जाणत्या सभासदानें एक-दोन मिनिटें पुरावींत असें उत्तर दिलें! तेथें सेकंदाच्या अंशांचा हिशेब चालतो, हें ऐकून ते गृहस्थ थक्क झाले. या गोष्टीचें हसूं येतें. पण हसून ती सोडून देणें योग्य नाहीं. पायांची तयारी होती, फुप्फुसांची होती, घड्याळाची नव्हती. पहिल्या लांब शर्यतीला निघणाऱ्या कोणत्याहि माणसाची अडचण नेमकी हीच असते. त्याला धांवतां येतें. किती वेगानें धांवूं नये, हें त्याला ठाऊक नसतें.

जूनमध्यें बोट मुंबईहून निघाली. लंडनमध्यें कांहीं आठवडे सराव झाला, आणि ऑगस्टांत मंडळी अँटवर्पला पोहोंचली. महायुद्ध संपून दोन वर्षेंहि झालीं नव्हतीं. बेल्जमच्या जखमा ओल्या होत्या. त्या शर्यतीचें अंतर ४२.७५ किलोमीटर धरलेलें होतें. ऑलिंपिकच्या सबंध इतिहासांत याहून लांब मॅराथॉन झालेली नाहीं. हवा थंड आणि पावसाळी. खडीच्या तापलेल्या रस्त्यांवर तयार झालेल्या पायांना ती कितपत मानवली असेल, हा प्रश्नच आहे. परंतु उन्हानें जीव घेतला नाहीं, हेंहि खरें.

जीव घेण्याची गोष्ट अलंकारिक नव्हे. आठ वर्षांपूर्वीं, १९१२ सालीं स्टॉकहोमच्या मॅराथॉनमध्यें, कडक उन्हांत पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो कोसळला आणि दुसऱ्या दिवशीं वारला. त्याच शर्यतींत जपानचा शिझो कानाकुरी हाहि अर्ध्याहून अधिक वाट कापल्यावर गळाला. जवळच्या एका कुटुंबानें त्याला आसरा दिला आणि तो कोणास न कळवितां मायदेशीं परतला. परदेशांतली त्याची पहिली मॅराथॉन अशी वाटेंतच राहिली. (१९६७ सालीं स्वीडनच्या लोकांनीं त्याला मुद्दाम बोलावून ती पुरी करविली, तिचा वेळ ५४ वर्षें, ८ महिने, ६ दिवस आणि वर कांहीं तास असा नोंदला गेला.) हाच कानाकुरी अँटवर्पलाहि उतरला होता, आणि या खेपेस तो सोळावा आला. एकदां हरल्यानें जो शहाणपणा मिळतो तो त्याच्यापाशीं होता. पहिल्या आलेल्या फिनलंडच्या हानेस कोलेहमाइनेनचीहि तीच गोष्ट. १९१२ सालीं त्यानें तीन सुवर्णपदकें जिंकलीं होतीं, पुढें अमेरिकेंत गवंडीकाम करतां करतां मॅराथॉनचा अभ्यास केला होता, आणि १९१७ सालीं बोस्टनच्या शर्यतींत तो चौथा आला होता. अँटवर्पला त्यानें २ तास ३२ मिनिटें ३५ सेकंद घेतले. एस्टोनियाचा युरी लॉसमान त्याच्या मागें अवघ्या तेरा सेकंदांवर होता.

अर्ध्या वाटेपर्यंत कोलेहमाइनेनच्या बरोबरीनें आघाडीस राहिलेला दक्षिण आफ्रिकेचा गिटशॅम, स्टॉकहोमचा रौप्यपदकविजेता, पुढें शर्यत सोडून बाजूस झाला. आमचे दातारहि शेवटपर्यंत पोहोंचूं शकले नाहींत. शर्यतीचा उत्तरार्ध असा निष्ठुर असतो. स्नायूंत आणि यकृतांत सांठविलेली साखर सुमारें अठरा-वीस मैलांपर्यंत पुरते. मग पाय शिशाचे होतात, डोकें सुन्न होतें. हें शास्त्र १९२० सालीं कोणास ठाऊक नव्हतें. बोस्टनच्या डॉक्टरांनीं धांवपटूंचें रक्त तपासून त्यांतील साखर उतरलेली असते हें दाखविलें तें १९२४ सालीं, आणि शर्यतींत गोड खाल्ल्यानें तो त्रास टळतो हें पुढच्या वर्षीं. त्या काळीं तर धांवतांना पाणी पिणेंहि पुष्कळांस दुबळेपणाचें वाटे. अशा परिस्थितींत सव्वासव्वीस मैलांहूनहि लांबलेली वाट चौगुल्यांनीं किलोमीटरला चार मिनिटांहून किंचित् कमी, अशा चालीनें पुरी केली. कोलेहमाइनेनच्या मागें अठरा मिनिटें. पण ज्यांनीं वाटेंत शर्यत सोडली, त्यांत गिटशॅमसारखा कसलेला गडी होता, हें विसरूं नये. अँटवर्पला हिंदी संघापैकीं पदकाच्या सर्वांत जवळ गेले ते कुस्तींतले रणधीर शिंदे. त्यांना चौथ्या क्रमांकावर थांबावें लागलें. तथापि कुस्ती ही कोल्हापूरची घरची विद्या होती, आणि मॅराथॉन ही कोणाच्याच घरची नव्हती. पुढच्या, १९२४ च्या पॅरिसच्या सामन्यांत महादेव सिंग यांनीं मॅराथॉन पुरी केली, त्यांचा क्रमांक एकोणतिसावा.

त्या सहा जणांचीं गांवें पाहिलीं म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानांत येते. सातारा, बेळगांव, हुबळी, मुंबई हीं सर्व मुंबई इलाख्यांतलीं. कोल्हापूर शेजारचें संस्थान. एक गडी बंगालचा. मराठवाडा त्यांत नाहीं. परभणी तेव्हां निजामाच्या राज्यांत होती. विसाव्या शतकाच्या आरंभीं मनमाडकडून आलेली आगगाडी तिला लागली होती, पण पुण्याच्या मैदानावरची हांक त्या गाडीनें तिकडे नेली नाहीं. सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी राजवट संपली, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत.

स्त्रियांना तर राज्य कोणाचेंहि असो, ही वाट बंदच होती. १९२८ च्या ऑलिंपिकमध्यें आठशें मीटर धांवून कांहीं स्त्रिया दमल्या, एवढ्या कारणानें पुढें १९६० पर्यंत दोनशें मीटरच्या वर त्यांना धांवूं दिलें नाहीं. पुरुषही दमून पडत असत. पण त्यांच्या शर्यती कोणी बंद केल्या नाहींत. १९६७ सालीं बोस्टनमध्यें कॅथरीन स्विट्झर धांवत असतांना एका अधिकाऱ्यानें तिला रस्त्यांतून ओढून काढण्याचा प्रयत्न केला. स्त्रियांची ऑलिंपिक मॅराथॉन १९८४ सालीं सुरू झाली, म्हणजे पुरुषांनंतर ८८ वर्षांनीं.

मुंबईची आजची मॅराथॉन २००४ सालीं सुरू झाली. बोरीबंदरावरून निघून वांद्र्यापलीकडे जावयाचें आणि परत यावयाचें; परततांना पेडर रोडचा चढ नेमका अशा वेळीं समोर येतो, जेव्हां अंगांतली सांठवण संपत आलेली असते. २०१७ सालीं ज्योती गवते हा चढ चढून आल्या, तेव्हां दुसऱ्या क्रमांकाच्या भारतीय धांवपटूस पोहोंचावयास अजून सतरा मिनिटें होतीं. त्यांची चाल किलोमीटरला चार मिनिटें तीन सेकंद पडते. अँटवर्पची वाट सुमारें साडेपांचशें मीटर अधिक लांब होती, म्हणून चौगुल्यांची चाल थोडी अधिकच म्हणावी लागेल. पुढच्या वर्षीं, ता. २१ जानेवारी २०१८ रोजीं, गवते पुन्हां त्याच रस्त्यावर उतरल्या. सुधा सिंग पहिल्या आल्या आणि गवते दुसऱ्या. या वेळचा त्यांचा वेळ होता २ तास ५० मिनिटें ४७ सेकंद.