शैक्षणिक कर्ज: सही करण्यापूर्वी काय पाहावे?

१९२० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करायला पुन्हा लंडनला गेले. तेव्हा त्यांच्या हाताशी पगारातील शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज होते. शिक्षणासाठी कर्ज काढण्यात कमीपणा नाही. मात्र ते कोणाकडून, किती आणि कोणत्या अटींवर घेतो, हे समजून घेतले पाहिजे.

ठाण्याच्या वर्तकनगरमध्ये काम करताना आम्हाला दिसते की, प्रवेशाच्या आठवड्यात घाईघाईने सावकाराचे किंवा महागड्या खासगी वित्तसंस्थेचे पैसे उचलले जातात. कंत्राटी नोकरी करणाऱ्या घराला तो हप्ता वर्षानुवर्षे पुरतो. म्हणून ही माहिती.

आधी शिष्यवृत्ती

अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र असलेल्या बौद्ध विद्यार्थ्यांनी आधी महाडीबीटीवर अर्ज करावा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला हा लाभ मिळत नाही. कॅप फेरी सोडण्याआधी हे लक्षात ठेवा. कर्ज फक्त उरलेल्या खर्चापुरतेच घ्या.

बँकेचे कर्ज

अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करता येतो. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. पालक मात्र सहकर्जदार असतात. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात ३ टक्के व्याज सरकार भरते. पण दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीस पात्र असलेल्यांना ही व्याजसवलत नाही.

व्याजाचा हिशेब

शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता नसतो, व्याज मात्र चालूच असते. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षीच्या सुरुवातीला १ लाख घेतले आणि व्याजदर १० टक्के आहे. पाच वर्षांनी सरळव्याजच १ लाख ४० हजार होते. ५ लाख ४० हजारांची दहा वर्षांत परतफेड करायची तर महिन्याचा हप्ता सुमारे ७,१०० रुपये. पहिल्या नोकरीच्या पगारातून घरखर्च भागवून एवढे देता येईल का, हे आधीच घरात बसून बोला. जमेल तसे शिकतानाच व्याज भरत गेलात तर हा बोजा हलका होतो.

महामंडळे

महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना शैक्षणिक कर्ज देते. बौद्ध हा अधिसूचित अल्पसंख्याक समाज असल्याने मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडेही चौकशी करता येते.

नकार मिळाला तर

‘तुम्ही आमच्या शाखेच्या हद्दीत राहत नाही’ एवढ्या कारणावरून बँकेने शैक्षणिक कर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले आहे. तोंडी नकार स्वीकारू नका. अर्जाची पोच आणि नकाराचे कारण लेखी मागा. बँकेकडे लेखी तक्रार करूनही ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

ही सगळी कागदपत्रे निकालाची वाट न पाहता आत्ताच जमवा. उत्पन्नाचा दाखला आणि जातवैधता प्रमाणपत्र हाती नसल्यामुळेच अनेकांच्या घरी सावकाराचा पैसा येतो.