गाठ एकच, पण रस्ते तीन: मेंदूजवळची शस्त्रक्रिया कुठून करायची, हे कसं ठरतं?

मार्वलच्या सिनेमांतला हल्क, म्हणजे अभिनेता मार्क रफेलो. २००१ च्या सुमारास त्याच्या मेंदूजवळची एक गाठ काढण्यात आली. ती कर्करोगाची नव्हती. तरीही त्याच्या चेहऱ्याची एक बाजू काही महिने हलत नव्हती आणि डाव्या कानाने ऐकू येणं कायमचं बंद झालं. हे त्याने स्वतः मुलाखतींत सांगितलं आहे.

गाठ साधी, मग एवढी किंमत का? उत्तर कवटीच्या तळाच्या रचनेत आहे.

ही गाठ असते कुठे?

हिला व्हेस्टिब्युलर श्वानोमा किंवा अकूस्टिक न्यूरोमा म्हणतात. तोल सांभाळणाऱ्या नसेच्या आवरणात ती तयार होते आणि सहसा हळूहळू वाढते.

आतल्या कानापासून मेंदूकडे जाणारा, साधारण एक सेंटीमीटर लांबीचा एक बोगदा हाडात असतो. तोलाच्या, ऐकण्याच्या आणि चेहरा हलवणाऱ्या नसा त्यातूनच जातात. गाठ वाढली की या नसा तिच्यावर ताणल्या जातात. त्यामुळे गाठ काढण्याइतकंच नसा वाचवणंही कठीण असतं.

तिथे पोहोचायचं कसं?

१. कानाच्या मागून: कानामागे कवटीचा छोटा भाग उघडून लहान मेंदू किंचित बाजूला करतात. लहान-मोठ्या कोणत्याही गाठीसाठी हा मार्ग चालतो आणि ऐकू येणं वाचण्याची शक्यता राहते. पण बोगद्याचं आतलं टोक नीट दिसत नाही. काहींना नंतर डोकेदुखीचा त्रास होतो.

२. आतल्या कानातून: कानामागचं हाड आणि तोलाच्या अर्धवर्तुळाकार नलिका ड्रिलने काढतात. मेंदूला फारसं हलवावं लागत नाही आणि चेहऱ्याची नस लवकर सापडते. पण त्या कानाचं ऐकणं पूर्ण जातं. उरलेली पोकळी बहुतेकदा पोटावरची चरबी घेऊन भरतात.

३. कानाच्या वरून: मेंदूचा कानशिलाकडचा भाग हळूच उचलून बोगद्याचं छत उघडतात. गाठ लहान आणि ऐकू चांगलं येत असेल, तर हा पर्याय असतो. पण इथे चेहऱ्याची नस अनेकदा गाठीच्या वरच असते, म्हणजे आधी तिला सांभाळून मगच गाठीला हात लावायचा.

पूर्वी काय व्हायचं?

अमेरिकन सर्जन हार्वे कुशिंग यांनी १९१७ मध्ये या गाठींवर पुस्तक लिहिलं. पूर्ण गाठ काढणं तेव्हा जिवावर बेतायचं, म्हणून ते आतला भाग पोखरून बाहेरचं आवरण तसंच ठेवत. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसचे कानाचे सर्जन विल्यम हाउस यांनी सूक्ष्मदर्शक आणि ड्रिल वापरून वरचे दुसरा आणि तिसरा मार्ग रुळवले. आता शस्त्रक्रिया सुरू असताना चेहऱ्याच्या स्नायूंना इलेक्ट्रोड लावतात. नसेला धक्का लागला की यंत्र आवाज करतं.

मग सर्वात चांगला मार्ग कोणता?

सगळ्यांसाठी एकच, असा नाही. गाठ केवढी आहे, बोगद्यात किती आत गेली आहे, त्या कानाने अजून किती ऐकू येतं आणि सर्जनचा हात कोणत्या मार्गावर बसलेला आहे, यावर ते ठरतं. दोन डॉक्टरांनी दोन मार्ग सुचवले, तर त्यातला एक चुकीचाच असतो असं नाही. अशा वेळी थेट विचारा: या मार्गाने माझं काय वाचेल आणि काय जाऊ शकतं?

प्रत्येक गाठीला शस्त्रक्रिया लागतेच असंही नाही. लहान गाठीवर ठराविक काळाने एमआरआय करून लक्ष ठेवता येतं. काहींना नेमक्या जागी रेडिएशन देतात.

एकाच कानाने कमी ऐकू येत असेल किंवा एकाच कानात सतत आवाज येत असेल, तर कारण बहुतेकदा दुसरंच निघतं. तरी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवण चाचणी करून घ्या. गाठ लहान असताना सापडली, तर निवडीला जास्त पर्याय राहतात.